सोऽरे म्हणजे सोड रे नव्हे

परत आल्यापासून सोसायटीत जो भेटेल तो विचारतो, "काय मग, काय काय पाहिलंत सिंगापूरला?" मी दोन्ही तळहात पुढे करते. बघा. घट्टे! लोक तिथून बाम आणतात, चॉकलेटं आणतात, मी घट्टे आणले. आणि हे घट्टे खरं तर सिंगापूरचे नाहीत, जपानचे आहेत, असं म्हटलं की समोरच्याचा चेहरा असा काही होतो की मला तिथेच हसू फुटतं. मग आमचे हे बाजूने सांगतात, "हिने सिंगापुरात जपानी रथ ओढला. मलाही ओढायला लावला." एवढ्यावर कुणाचंच समाधान होत नाही, म्हणून म्हटलं, एकदा सगळं लिहूनच काढावं.

मी निवृत्त पी.टी.ची बाई. शाळेच्या मैदानावर उभा जन्म गेला. रस्सीखेचीचा संघ तयार करणं ही माझी खासियत, आणि त्याचा मला गर्व आहे, उगाच विनय वगैरे नाही. शिट्टी अजूनही पर्समध्ये असते. ती सिंगापुरात कुठेही वाजवायची नाही, अशी मुलाने, अनिकेतने, विमानतळावरच ताकीद दिली. "आई, इथे नियम असतात."

"आणि पुण्यात काय नसतात?" मी म्हटलं. तो माझी बॅग ओढत पुढे निघाला.

अनिकेत, सून केतकी आणि नऊ वर्षांची नात ईरा बुकित बातोकला राहतात. सिंगापूर म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे जे काचेचे मनोरे उभे राहतात ते इथे नाहीत. ते अनिकेतच्या ऑफिसकडे, रॅफल्स प्लेसला. इथे आपल्या उंच उंच इमारती, मधून मधून झाडं, खिडक्यांतून बाहेर काढलेले बांबूचे दांडे आणि त्यावर वाळत घातलेले कपडे. मला पहिल्याच दिवशी बरं वाटलं. इमारतींचा तळमजला मोकळा असतो, नुसते खांब. त्याला व्हॉइड डेक म्हणतात. तिथे म्हातारी माणसं बसतात, मुलं अभ्यास करतात, लग्नाचा मांडवही तिथेच पडतो.

खांबापलीकडचा माणूस

तिथे सकाळ जरा उशिरा होते. मी उजाडल्याबरोबर कवायतीला खाली उतरले. एक, दोन, तीन, चार. हात वर, हात बाजूला. तेवढ्यात खांबापलीकडून आवाज आला, "इची, नी, सान, शी." डोकावून पाहिलं तर पांढरी हाफपँट घातलेले एक आजोबा. जमिनीवर छोटा रेडिओ, त्यातून पियानोची टिंगटिंग, आणि आजोबांची अगदी शिस्तीत कवायत चाललेली. गुडघे सरळ, पाठ सरळ, हात कोपरात कुठे वाकलेला नाही. माझ्या शाळेत असते तर पहिल्या रांगेत उभे केले असते.

मी चारला वाकले, तेही शीला, म्हणजे त्यांच्या चारला, वाकले. मग काय विचारता! दोन मिनिटांत आमचा ताल जुळला. कवायत संपल्यावर त्यांनी कमरेत वाकून नमस्कार केला. मी हात जोडले. ते आणखी वाकले. मीही वाकले. ते त्याहून वाकले. शेवटी मला शोधत हे खाली आले तेव्हा ते प्रकरण थांबलं.

त्यांचं नाव ओकानो-सान. सान म्हणजे आपलं 'राव' समजा. तरुणपणी नोकरीसाठी इथे आले, इथल्याच चिनी मुलीशी लग्न केलं आणि इथलेच झाले. बायको जाऊन आता काही वर्षं झाली. मुलगी जपानात, ती म्हणते बाबा आता एकटे राहू नका, म्हणून घर विकून महिनाअखेरीला कायमचे परत निघाले होते. त्यांचं इंग्रजी जपानी वळणाचं आणि सिंगापुरी मसाल्याचं, माझं पुणेरी. दोघांनाही व्याकरणाची फिकीर नसल्यामुळे आमचं अगदी उत्तम जमलं.

चौथ्यापाचव्या दिवशी त्यांनी मला फोनवर एक फोटो दाखवला. लाकडाचा छोटा दुमजली रथ. वर कौलारू घरासारखं छप्पर, भोवती कागदी कंदिलांच्या माळा, खाली चार दांडगी लाकडी चाकं.

"माझ्या गावी उन्हाळ्यात असे रथ निघायचे," ते म्हणाले. "प्रत्येक आळीचा एक. मी लहानपणी वर बसून झांज वाजवायचो."

"आता नाही निघत?"

"गावात ओढायला माणसं उरली नाहीत. तरुण सगळे शहरात. रथ आता कुलपात."

म्हणून त्यांनी इथे, सिंगापुरात, आपल्या हाताने हा लहान रथ बांधला होता. इथल्या काही जपानी कुटुंबांचं एक मंडळ आहे, ते दर वर्षी एका शाळेच्या मैदानावर उत्सव करतं. ओकानो-सानांचा रथ त्या मैदानाला एक फेरी घालणार होता. पहिल्या वर्षी अर्ध्या वाटेत विजेचा भोंगा झाला आणि रथ तसाच मागे आणावा लागला. (तिथे आभाळात वीज जमली की मैदानावर भोंगा होतो. मग राजा असो की रंक, छपराखाली जायचं म्हणजे जायचं.) दुसऱ्या वर्षी जपानी शाळांना सुट्टी लागल्याने निम्मी कुटुंबं मायदेशी गेलेली, ओढायला माणसंच नाहीत. यंदाही तीच रड. आणि यंदा नाही तर कधीच नाही, कारण ओकानो-सानच निघाले.

"पूर्ण फेरी झाली की त्याला रथ म्हणायचं," ते म्हणाले, "तोवर ते नुसतं चाकांचं कपाट."

असं म्हणून ते हसले. पण मी काय समजायचं ते समजले.

"माणसंच हवीत ना?" मी म्हटलं. "मी आणते."

लिफ्टमध्ये हे म्हणाले, "तू सिंगापुरात ओळखतेस कोणाला?"

भरती

मी नाही ओळखत, पण केतकी ओळखते. मराठी माणसांचे तिच्या फोनवर इतके ग्रुप आहेत की बाईचा अंगठा झिजत कसा नाही याचं मला नवल वाटतं. बुकित बातोकचा एक, बुकित पंजांगचा एक, गणपतीचा एक, भाजीचा एक. मी मजकूर सांगितला: 'पुढच्या शनिवारी जपानी रथ ओढण्यासाठी धडधाकट माणसे पाहिजेत. सबबी चालणार नाहीत.' केतकीने दुसरं वाक्य काढून तिथे हसरा चेहरा टाकला. म्हणून लगेच सबबी आल्या. कुणाची कंबर, कुणाचा क्लास, कुणाचे सासूसासरे येणार.

अनिकेतचा मित्र पराग तर घरी येऊनच म्हणाला, "काकू, मी नक्की आलो असतो, पण शनिवारी माझा कॉल आहे." हा पराग रॅफल्स प्लेसच्या एका बँकेत मोठा साहेब. त्याने आयुष्यात चाकांच्या बॅगेपलीकडे काही ओढलेलं नाही.

"कॉल कानाने घेतोस की हाताने?"

"कानाने."

"मग हात मोकळे आहेत. ये."

ईरा सोफ्यावरून, वाक्याला सिंगापुरी 'लाह'ची शेपटी लावून, म्हणाली, "आजी, कॅनॉट लाह! तुला जपानी येत नाही, रथ कसा ओढणार?"

"ओढायला भाषा लागत नाही, दंड लागतात," मी म्हटलं. हे वाक्य मला पुढे चांगलंच महागात पडलं.

पण आले हो सगळे! आयटीवाले आले, बँकवाले आले, एक हिशेबनीस जोडपं आलं, आणि पोरंबाळंही आली. रविवारी बुकित बातोकच्याच कारखान्यांच्या भागात, एका फर्निचरवाल्याच्या गाळ्यामागे आम्ही जमलो. रथ तिथेच ठेवलेला होता.

फोटोत दिसला नव्हता तसा तो समोर दिसला. अख्ख्या रथाला एक खिळा नाही. सगळे सांधे काथ्याच्या दोरीने आवळलेले, आणि ते वेढेसुद्धा असे देखणे की हात फिरवत राहावा. ओकानो-सान म्हणाले, खिळ्याने बांधलं तर हिसक्याला मोडतं, दोरीने बांधलं तर करकरतं आणि तगतं. आणखी एक गंमत म्हणजे त्या रथाची चाकं वळत नाहीत. सरळ जाणार, नाहीतर नाही. मग कोपरा आला की काय करायचं? चाकांखाली बांबूच्या ओल्या पट्ट्या घालायच्या आणि सगळ्यांनी एकदम हिसका देऊन अख्खा रथ बाजूला घसरवायचा. दोनतीन हिसक्यांत रथ काटकोनात वळतो. सगळी मेख त्या 'एकदम'मध्ये आहे. कुणी आधी नाही, कुणी नंतर नाही.

माझं क्षेत्र! मी पदर खोचला. दोन दोर होते. उजव्या दोराला जपानी मंडळी, डाव्याला आम्ही. प्रत्येकाला पाय कसे रोवायचे ते दाखवलं, दोर मनगटाला गुंडाळू नका म्हणून बजावलं, ह्यांना मुद्दाम शेवटी ठेवलं, कारण वजन. ओकानो-सान रथावर चढले, हातात कागदी पंखा. मग त्यांनी पंखा उंच केला आणि छातीच्या तळातून आरोळी ठोकली,

"सोऽरे!"

आणि आम्ही सगळ्यांनी, अगदी एकदम, एकाही चुकीशिवाय, दोर सोडला.

आता तुम्हीच सांगा, मराठी माणसाच्या कानावर दुसरं काय पडणार? 'सोड रे!' मी स्वतः मैदानावर हजारदा ओरडले असेन. शिट्टी झाली की सोड रे, पडशील, सोड रे! माझ्या तर बोटांनीच ऐकलं, डोक्यापर्यंत पोचलंच नाही. आमचा दोर जमिनीवर, आणि पलीकडे जपानी मंडळींनी जीव खाऊन हिसका दिलेला. रथ गर्रकन उजवीकडे फिरला आणि प्लायवुडच्या थप्पीवर जाऊन आदळला. ओकानो-सान खांबाला मिठी मारून लोंबकळत होते. वरून एक कंदील सुटला तो ह्यांच्या बरोब्बर टकलावर. पराग कानातल्या फोनमध्ये म्हणत होता, "नो, नो, एव्हरीथिंग इज अंडर कंट्रोल."

रथ मोडला असता तर? ओकानो-सान खाली उतरले, चाकं पाहिली, सांधे चाचपले. करकरले होते, पण तगले होते. मग माझ्यापुढे येऊन अगदी हळू विचारलं, "बाई, का सोडला?"

"तुम्हीच म्हणालात ना सोड रे म्हणून!"

"मी म्हणालो सोऽरे. म्हणजे ओढा! जोर लावा!"

"आणि आमच्यात सोड रे म्हणजे टाका! हात काढा!"

त्यांनी एकदा दोराकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, आता हा माणूस रडतो की काय. कसलं काय! हसत होते. हसता हसता खाली बसले, पंखा बाजूला पडला, डोळ्यांतून पाणी. त्यांनी आपल्या लोकांना जपानीत सांगितलं, तशी तेही सगळे लोळायला लागले. हसून हसून पुरेवाट झाली. त्यानंतर आम्ही दिवसभर 'सोऽरे'ला ओढायला शिकलो. दर वेळी बोटं सोडू म्हणायची आणि डोकं धर म्हणायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कवायतीनंतर ओकानो-सान म्हणाले, "मला तुमचा शब्द शिकवा."

"कशाला?"

"फेरी संपली की रेषेवर दोर सोडायला सांगावं लागतं. तिथे मी तुमचा शब्द म्हणणार. सोदो रे."

"अहो, गोंधळ होईल!"

"एकदाच म्हणायचा आहे. शेवटी."

मग काय, मी शिक्षिका. त्यांचा 'ड' काही केल्या येईना. सोदो रे. सोरो रे. सोझो रे. मी सांगितलं, जीभ वर वळवा, टाळूला लावा आणि आपटा. व्हॉइड डेकवर दोन म्हातारी माणसं एकमेकांकडे जीभ काढून उभी आहेत हे पाहून एक चिनी आजी आपली पिशवी घेऊन दुसऱ्या बाकावर जाऊन बसली. पण माणूस चिकट हो! रोज घोटायचे. शुक्रवारी तो 'ड' असा खणखणीत निघाला की सदाशिव पेठेत कुणी नाव ठेवलं नसतं. मी पाठ थोपटली.

उत्सव

शनिवारी दुपारी मैदानावर पोचलो तर आधी कुठे बघू आणि नंतर कुठे, असं झालं. लाल-पांढऱ्या कंदिलांच्या रांगा, मधोमध उंच मचाण, त्यावर भला थोरला ढोल, चहूकडे खाण्याच्या टपऱ्या. आणि बायका-पुरुष-पोरं सगळी युकातामध्ये. युकाता म्हणजे सुती, पायघोळ, पट्ट्याने बांधायचा झगा. मंडळाने आम्हा ओढणाऱ्यांसाठीही काढून ठेवले होते. मला निळा मिळाला, त्यावर पांढरी फुलं. मी मोठ्या झोकात तो गुंडाळला, पट्टा आवळला आणि ऐटीत बाहेर आले.

समोरून येणाऱ्या एका जपानी आजीने मला पाहिलं आणि तोंडावर हातच ठेवला. मला वाटलं, खुलून दिसतोय बहुतेक. तिने माझा दंड धरला आणि तडक कनातीमागे नेलं. पट्टा सोडला, झगा उघडला, डावी बाजू उजवीवर घेतली आणि पुन्हा बांधला. मला काहीच कळेना. तिच्या सुनेने इंग्रजीत सांगितलं, "काकू, उजवी बाजू वर फक्त मेलेल्या माणसाची असते."

आता आपल्यात शुभ ते उजवं. पाऊल उजवं, हात उजवा. मी मुद्दाम, देवाचं काम म्हणून, उजवी वर घेतली होती! बाहेर येऊन ह्यांना सांगितलं तर म्हणतात कसे, "म्हणजे मघापासून प्रेत फिरत होतं होय माझ्याबरोबर?"

त्यांना देवाने लगेच शिक्षा केली. एका टपरीवर ईरा धावली, मागोमाग हे. तव्याला गोल गोल खळगे, त्यात पीठ ओतायचं, सुईने गर्रकन उलटवायचं. "अगं, आप्पे!" हे लहान मुलासारखे ओरडले. आप्पेच की! तसंच पात्र, तसाच वास, वर कसलासा तपकिरी रस आणि हलणारी पापुद्र्यांची नक्षी. ह्यांनी अख्खा द्रोण फस्त केला. बोटं चाटली. दुसरा मागवला. आमचे हे जन्माचे शाकाहारी, अंड्याचा केक असेल तर चमचाही वेगळा घेणारे. दुसरा द्रोण संपल्यावर ईरा शांतपणे म्हणाली, "आबा, इनसाइड इज ऑक्टोपस, लाह."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी आभाळाकडे पाहिलं. मग रिकाम्या द्रोणाकडे बघत ते एवढंच म्हणाले, "तरीच म्हटलं, नारळाचा तुकडा इतका चिवट कसा."

मग बर्फाचा गोळा झाला. काडीवर नाही, वाडग्यात, पण गोळाच. मचाणाभोवती सगळ्यांचा गोल धरून नाच झाला. दोन पावलं पुढे, एक मागे, टाळी. मला दुसऱ्याच फेरीला जमला. तिसऱ्या फेरीला मी पुढच्या बाईची चूक काढली.

आणि मग रथ बाहेर आला. कारखान्यामागे पाहिला होता तो हाच का, असं वाटलं. कंदील पेटलेले, छपराला पांढऱ्या कागदाच्या झिरमिळ्या. ओकानो-सान वर उभे, डोक्याला पांढरी पट्टी बांधलेली, चेहरा गंभीर. मी खालून पाहिलं आणि मला एकदम धास्ती वाटली. हे सगळं हसणंखिदळणं ठीक आहे, पण आज नाही झालं तर त्या माणसाचा रथ कायमचा कपाटच राहील.

मैदान सांभाळणारे मलय अंकल येऊन सांगून गेले, "एक फेरी. अंधार पडला की मैदान बंद. ओके, आंटी?"

"ओके," मी म्हटलं. युकातात पावलं पडेनात, म्हणून मी त्याचा घोळ दोन्ही बाजूंनी उचलून सरळ पट्ट्यात खोचला, कासोटा घातल्यासारखा. म्हटलं, आता पुन्हा ती आजी येणार. आली, पण टाळ्या वाजवत. त्यांच्याकडे रथ ओढणारे अगदी अस्संच खोचतात म्हणे! केतकीने खोचलं, हिशेबनीस बाईने खोचलं, सगळ्या बायका झाल्या तयार.

"सोऽरे!"

ओढला! चाकं अशी काही ओरडली की मैदानभर कळलं. रथ हलला. ढोल घुमायला लागला. मैदानाभोवतीच्या सिमेंटच्या वाटेने आम्ही निघालो, पहिला कोपरा आला, बांबू घातले, पाणी टाकलं. "सोऽरे!" हिसका. "सोऽरे!" हिसका. वळला! लोकांनी आरडाओरडा केला. माझ्या अंगात आलं होतं. परागचा फोन कानातून पडला आणि कुणाच्या तरी पायाखाली गेला, तरी तो दोर सोडेना.

दुसऱ्या कोपऱ्याशी पोचलो आणि भोंगा झाला.

इतकं वाईट वाटलं, काय सांगू! आभाळ पश्चिमेला काळं झालं होतं आणि आमच्यापैकी कुणाचं वर लक्षच नव्हतं. लोक छपराकडे पळाले. रथावर कोणी तरी ताडपत्री टाकली. ओकानो-सान मात्र वरून उतरेनात. मी रथापाशी गेले आणि मैदानावरचा आवाज काढला, "उतरा खाली! आत्ताच्या आत्ता!" उतरले. छपराखाली आले, डोक्याची पट्टी सोडली. मग म्हणाले, "पहिल्या वर्षीही इथेच. ह्याच कोपऱ्यात."

शंभर तोंडं पडलेली. पाऊस सुरू झाला. अंकल दर थोड्या वेळाने उजेडाचा अंदाज घेत होते. हे असंच चाललं तर माणसं घरी जाणार, हे मला दिसत होतं. कंटाळलेला वर्ग आणि सुटलेला संघ सारखाच. मी केतकीचे दोन्ही हात धरले, म्हटलं, "चल, फुगडी!"

"आई, युकातात?"

"युकातातच!"

फिरलो. गरागरा फिरलो. त्या जपानी आजीने सुनेला पुढे ढकललं, सुनेने ईराला धरलं. फूऽ बाई फू चालू झालं. ढोलवाल्याने ढोल आत आणला होता, त्याने ताल धरला. पाच मिनिटांत छपराखाली जो तो कुणाचे ना कुणाचे हात धरून फिरत होता. परागने एका जपानी साहेबाबरोबर अशी फुगडी घातली की दोघंही चक्कर येऊन खांबाला टेकले. ओकानो-सान भिंतीशी उभे होते ते हसायला लागले. एकही माणूस घरी गेलं नाही.

आणि भोंग्याने उघडीप सांगितली. आम्ही मुसंडी मारली. वाट ओली झाली होती, बांबूवर पाणी घालायची गरजच उरली नव्हती. दुसरा कोपरा असा वळला, की लोण्यातून सुरी. तिसरा वळला. उजेड जात होता, कंदील उजळ दिसत होते. चौथ्या कोपऱ्यावर चाक अडलं. एक हिसका, हलेना. दुसरा, हलेना. ओकानो-सानांचा आवाज बसत चालला होता. मी पर्समधली शिट्टी काढली. माफ कर रे अनिकेत. फुर्रर्र! "सोऽरे!" ते ओरडले, आम्ही ओरडलो, जपानी ओरडले, आणि रथ करकरत, घसरत, डुलत वळला!

समोर पांढरी रेषा. पुढची चाकं ओलांडली. मागची ओलांडली. झाली! फेरी पूर्ण झाली! ह्यांनी मला सगळ्यांदेखत मिठी मारली, असं लग्नातही केलं नव्हतं. वर पाहिलं तर ओकानो-सान पंखा छातीशी धरून उभे. त्यांनी सगळ्या मैदानावरून एकदा नजर फिरवली, जणू सगळं डोळ्यांत भरून घेत होते. मग मोठा श्वास घेतला, आणि खणखणीत आवाजात म्हणाले,

"सोड रे!"

मी पाय रोवले आणि ओढला.

माझ्यामागे केतकीने ओढला, परागने ओढला, ह्यांनी ओढला. पलीकडे जपानी मंडळींनी आमच्याकडे पाहिलं आणि त्यांनीही ओढला. रथ रेषा सोडून पुढे निघाला, दुसऱ्या फेरीला. "सोड रे! सोड रे!" ओकानो-सान वरून ओरडत होते, हसत होते, रडत होते, आणि आम्ही दर वेळी आणखी जोराने ओढत होतो. मलय अंकल घड्याळ दाखवत धावत आले, "आंटी! आंटी!" मग आमच्याबरोबर चालायला लागले, आणि पुढच्या कोपऱ्यावर पाहिलं तर दोराला त्यांचेही हात होते.

सगळं झाल्यावर अंधारात ओकानो-सान खाली उतरले. आम्ही एकमेकांना वाकून नमस्कार केला. ते वाकले, मी वाकले.

"माफ करा हं," मी म्हटलं. "ऐकण्यात चूक झाली."

"नाही, नाही," ते म्हणाले. "माझ्या बोलण्यात चूक झाली. तो 'ड' मला कुठे येतो?"

माझे कान तिखट आहेत, आणि तो 'ड' सदाशिव पेठी होता. आम्ही दोघंही एकमेकांच्या तोंडावर चक्क खोटं बोलत होतो, आणि दोर अजून माझ्या हातातच होता.